कॅनडाचा पीआर आणि पुण्याचं घर: जोडीदारासोबत देश सोडल्यावर कायम रहिवासाचा हक्क टिकतो का?

टोरंटो, मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये दहा-बारा वर्षं काढलेल्या मराठी घरांमध्ये एक वाटणी बऱ्याचदा दिसते. नवरा-बायकोपैकी एकाने कॅनडाचं नागरिकत्व घ्यायचं आणि दुसऱ्याने भारतीय पासपोर्ट ठेवायचा. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यानंतर मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे सातबाऱ्यावर नाव लावायचं असेल, तर घरातला एक जण भारतीय राहिलेला बरा, हा त्यामागचा साधा हिशेब.

पुढे आई-वडील थकतात किंवा पुण्यात मनासारखी नोकरी मिळते, आणि बिऱ्हाड भारतात हलतं. ज्याने नागरिकत्व घेतलं त्याला कसलीच घाई नसते. तो वीस वर्षांनीही कॅनडात परत जाऊ शकतो. प्रश्न उरतो तो दुसऱ्याचा. त्याच्याकडे आहे फक्त पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा हक्क, आणि त्या हक्काला मुक्कामाची अट आहे.

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तर दोन उत्तरं हमखास मिळतात. एक म्हणजे, 'पाच वर्षांत दोन वर्षं राहिला नाहीत ना, मग पीआर गेला.' आणि दुसरं, 'बायको सिटिझन आहे ना, मग काही होत नाही.' दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत, आणि त्या उरलेल्या अर्ध्यातच लोक अडकतात.

नियम काय सांगतो?

कॅनडाचा सध्याचा इमिग्रेशन कायदा २००२ पासून लागू आहे. त्याच्या कलम २८ मध्ये पीआरधारकाच्या मुक्कामाची अट दिली आहे: कोणत्याही पाच वर्षांच्या काळात किमान ७३० दिवस. ते सलग असण्याची गरज नाही. कॅनडात दिवसाचा काही भाग घालवला, तरी तो पूर्ण दिवस धरला जातो.

पण हे ७३० दिवस कॅनडाच्या जमिनीवरच काढले पाहिजेत, असं कायदा म्हणत नाही. देशाबाहेरचे काही दिवसही त्यात धरले जातात. पीआरधारक परदेशात आपल्या कॅनेडियन नागरिक असलेल्या पती किंवा पत्नीसोबत राहत असेल, तर तो प्रत्येक दिवस कॅनडात राहिल्यासारखाच मोजला जातो. लग्न न करता किमान वर्षभर एकत्र राहिलेल्या जोडीदारालाही हीच सवलत आहे, आणि २२ वर्षांखालच्या अविवाहित मुलांना नागरिक आई किंवा वडिलांसोबत राहताना ती मिळते.

समजा, एका जोडप्यातली पत्नी १० मे २०२२ रोजी शपथ घेऊन कॅनडाची नागरिक झाली आणि १ जुलै २०२२ ला दोघं पुण्याला आले. पुढची पाच वर्षं पतीने कॅनडात पाऊलही टाकलं नाही, तरी दोघं एका घरात राहत असतील, तर जुलै २०२७ मध्येही त्याची अट पूर्ण झालेली असेल. पत्नी नागरिक न होता पीआरवरच राहिली असती, तर त्याच पाच वर्षांचा हिशेब शून्य आला असता, आणि तोही दोघांचा.

म्हणून शपथेची तारीख महत्त्वाची. जोडीदार नागरिक झाला त्या दिवसापासूनच परदेशातले दिवस धरले जातात. अर्ज केलेला आहे, परीक्षा पास झाली आहे, फक्त शपथ बाकी आहे, अशा स्थितीत बिऱ्हाड हलवलं, तर मधले महिने पदरात पडत नाहीत.

ही सवलत कॅनडाची आहे, हेही लक्षात ठेवायला हवं, कारण भाऊ टोरंटोत आणि बहीण न्यू जर्सीत असलेल्या घरांत दोन देशांचे नियम सर्रास एकमेकांत मिसळतात. अमेरिकेच्या ग्रीन कार्डला असं दिवसांचं गणित नाही. अमेरिकन नागरिक असलेल्या नवऱ्यासोबत परदेशात राहिल्याने ग्रीन कार्ड आपोआप शाबूत राहत नाही. वर्षभराहून जास्त बाहेर राहायचं असेल, तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटसाठी अर्ज करावा लागतो आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं मिळतं. ब्रिटनमध्ये अनिश्चित काळासाठी राहण्याची परवानगी सलग दोन वर्षं देशाबाहेर राहिल्यावर सहसा संपते.

'सोबत' म्हणजे नेमकं काय?

कॅनडाच्या नियमावलीत 'सोबत असणं' याची व्याख्या आहे: ज्या ज्या दिवशी पीआरधारक त्या नागरिकाबरोबर नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणी एकत्र राहत असेल, तो दिवस. लग्न टिकून असणं वेगळं आणि एका घरात राहणं वेगळं, हा फरक इथे कळीचा आहे. नागरिक असलेला नवरा दुबईत नोकरीला आणि पीआर असलेली बायको मुलांच्या शाळेसाठी पुण्यात, असा संसार असेल, तर पुण्यातले ते दिवस मोजले जात नाहीत. नवरा दर दोन महिन्यांनी येऊन जात असला, तरी नाही. उलट एकत्र घर असताना त्यातला एक जण कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेला, तर तेवढ्याने एकत्र राहणं मोडत नाही.

आणखी एक गुंता आहे. कोण कोणासोबत गेलं? नागरिक असलेली पत्नी नोकरीसाठी भारतात आली आणि पीआर असलेला पती तिच्यासोबत आला, तर चित्र सरळ आहे. पण पतीलाच पुण्यात नोकरी लागली आणि नागरिक पत्नी त्याच्यामागून आली, तर? इमिग्रेशन अधिकाऱ्यांसाठीच्या सरकारी मार्गदर्शिकेची भूमिका अशी की जोडीदार नागरिक असेल, तर कोण कोणामागे गेलं आणि कशासाठी गेलं, हे बघण्याची गरज नाही. एकत्र राहणं पुरेसं आहे. तरीही काही अधिकाऱ्यांनी आणि अपील विभागाच्या काही निकालांनी 'सोबत जाणं' या शब्दाचा अर्थ अधिक कडक लावला आहे. विशेषतः पीआरधारक कॅनडात कधी धड राहिलाच नव्हता, पीआरचा शिक्का मिळवून लगेच परत गेला आणि मग नागरिक जोडीदाराच्या नावावर दिवस मोजू लागला, अशा प्रकरणांत. ज्यांनी कॅनडात काही वर्षं संसार करून मग देश सोडला, त्यांची बाजू त्या मानाने भक्कम असते.

पुरावा कोणाच्या हातात?

नियम उदार असला, तरी सगळं सिद्ध करण्याची जबाबदारी पीआरधारकाची आहे, आणि ही वेळ येते पाच वर्षांनी, म्हणजे कागद हरवलेले असतात तेव्हा. जोडीदाराचा कॅनेडियन पासपोर्ट आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांच्या नावाचा भाडेकरार किंवा घराचे कागद, संयुक्त बँक खात्याची पानं, एकाच पत्त्यावर आलेली विजेची आणि सोसायटीची बिलं, मुलांच्या शाळेतली नोंद, दोघांच्या पासपोर्टवरचे शिक्के अशा गोष्टी मागितल्या जातात.

मराठी घरांत यातला एक कागद हमखास अडतो, तो पत्त्याचा. पुण्यातला फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल त्यांच्याच नावाचं, भाडेकराराचा प्रश्नच नाही. पाच वर्षं एकाच छताखाली राहूनही दोघांच्या नावाचा एकही कागद नाही, असं सहज घडतं. अशा वेळी बँकेत आणि विम्याच्या कागदांवर दोघांचा तोच पत्ता पहिल्या वर्षापासून लावून घेतला, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

पण खरी अडचण संसार बिनसतो तेव्हा उभी राहते. पीआर असलेली पत्नी नागरिक नवऱ्यासोबत भारतात आली, तीन वर्षांनी तो एकटाच कॅनडाला परत गेला आणि फोन उचलेनासा झाला. तिचा पीआर तेवढ्याने जात नाही. वेगळं राहणं किंवा घटस्फोट हे पीआर रद्द होण्याचं कारण नाही, आणि एकत्र राहिलेल्या तीन वर्षांचे दिवस, पाच वर्षांच्या मोजणीत बसत असतील तोवर, तिचेच राहतात. मात्र ते दाखवायला लागणारा नवऱ्याचा पासपोर्ट आणि त्याच्या प्रवासाचा तपशील त्याच्याच हातात असतो. नाराज झालेला नवरा ते देईलच असं नाही. म्हणून जोडीदाराच्या पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राच्या प्रती आपल्या फाइलमध्ये असणं हा अविश्वास नव्हे. तो आपल्या हक्काचा कागद आहे. ते जमलं नसेल, तर शाळेचे दाखले, डॉक्टरकडच्या नोंदी, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं यांवर भिस्त ठेवावी लागते. आणि वेगळं राहायला लागल्या दिवसापासून नवे दिवस जमा होणं थांबतं, हे ध्यानात ठेवून पुढचं पाऊल लवकर उचलावं लागतं.

जोडीदारही पीआरवरच असेल तर?

मग वाट फार अरुंद होते. जोडीदार कॅनेडियन कंपनीत किंवा तिथल्या केंद्र अथवा प्रांतिक सरकारच्या सेवेत पूर्णवेळ असेल आणि त्या नोकरीचा भाग म्हणून त्याला परदेशात पाठवलं असेल, तरच त्याचे आणि सोबत राहणाऱ्याचे दिवस धरले जातात. टोरंटोतल्या कंपनीचं काम पुण्यातून लॅपटॉपवर करतो, हे इथे पुरत नाही. 'पाठवलं' असलं पाहिजे. न्यायालयाने या शब्दाचा अर्थ, नेमणूक तात्पुरती आहे आणि नंतर कॅनडातल्या कामावर परतायचं आहे, असा लावला आहे. कॅनडातली नोकरी सोडून त्याच समूहाच्या भारतीय कंपनीत रुजू होणं म्हणजे नवी नोकरी. केवळ दिवस भरावेत म्हणून कॅनडात नावापुरती कंपनी काढण्याचा मार्गही नियमावलीने बंद केला आहे.

सरकणारी पाच वर्षं

पीआर मिळून पाच वर्षं व्हायची असतील, तर अधिकारी एवढंच बघतो की उरलेल्या काळात ७३० दिवस भरणं अजून शक्य आहे का. पाच वर्षं उलटून गेल्यावर मात्र तपासणीच्या दिवसापासून मागची पाच वर्षं मोजली जातात. पीआर कार्डावरच्या तारखांशी या मोजणीचा संबंध नाही.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. जोडपं १ जुलै २०२२ ला पुण्याला आलं, दोन वर्षं एकत्र राहिलं आणि १ जुलै २०२४ ला नागरिक पत्नी नोकरीसाठी एकटी टोरंटोला परत गेली. पती पुण्यातच राहिला. त्याच्याकडे एकत्र राहिलेले ७३१ दिवस आहेत. १ जुलै २०२७ ला त्याची तपासणी झाली, तर मागच्या पाच वर्षांत हे सगळे दिवस बसतात आणि तो सुटतो. दोन दिवसांनी, ३ जुलैला झाली, तर सुरुवातीचे दोन दिवस मोजणीतून बाहेर पडलेले असतात, उरतात ७२९, आणि अट मोडते. कागदावर हे गमतीचं वाटतं, पण भरपूर दिवस शिल्लक आहेत अशा समजात राहिलेली माणसं अशीच घसरतात.

याच हिशेबात नागरिकत्वाचा विचार केलेला बरा. नागरिकत्वाच्या अर्जासाठी आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात काढावे लागतात. नागरिक जोडीदारासोबत पुण्यात काढलेले दिवस पीआर टिकवायला चालतात, नागरिकत्वाला चालत नाहीत. याला अपवाद मुख्यतः कॅनडाच्या सैन्यात किंवा सरकारी सेवेत असताना परदेशी नेमलेल्या माणसांच्या जोडीदारांचा आहे. प्रांताचा आरोग्य विमा हीसुद्धा वेगळी गोष्ट. ओंटारियोत त्यासाठी १२ महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावं लागतं. त्यामुळे पीआर शाबूत असूनही परतल्यावर दवाखान्यात चालणारं कार्ड हातात नसू शकतं.

कार्डाची मुदत संपली, म्हणजे पीआर गेला?

नाही. हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज असावा. पीआर कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं आणि ते ओळखपत्रासारखं आहे. मुदत संपली तरी हक्क संपत नाही. अडचण विमानात चढताना येते, कारण वैध कार्डाशिवाय विमान कंपनी पीआरधारकाला बसू देत नाही. त्यासाठी परदेशातून पीआर प्रवासपत्राचा अर्ज करावा लागतो, आणि हा अर्ज केला की मुक्कामाच्या अटीची तपासणी ओघानेच होते. नागरिक जोडीदारासोबत राहणाऱ्याने तो अर्ज पुराव्यांची जाडजूड फाइल जोडूनच करावा. तिकीट आधी काढून मग घाईत केलेल्या अर्जात कागद अपुरे राहतात, आणि नकार आला तर तो केवळ त्या प्रवासापुरता नसतो. 'अट मोडली' असा तो निर्णय असतो.

पीआर आपोआप विरत नाही, त्यासाठी कोणीतरी तसा निर्णय द्यावा लागतो. त्यामुळे दिवस कमी असलेला माणूसही सीमेवर पोचला आणि तो पीआरधारक आहे याची अधिकाऱ्याला खात्री पटली, तर त्याला आत घ्यावंच लागतं. अधिकारी त्याच्याविरुद्ध अहवाल मात्र लिहू शकतो, आणि अहवाल लिहिल्यानंतर कॅनडात काढलेले दिवस ७३० मध्ये धरले जात नाहीत. अहवाल झाला नाही, तर काही जण कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज न करता दोन वर्षं तिथेच सलग राहतात, दिवस भरतात आणि मगच अर्ज करतात. कायद्यात याला मनाई नाही. पण त्या दोन वर्षांत देश सोडला, तर परत येताना पुन्हा तीच तपासणी वाट बघत असते. पुण्याहून वडिलांच्या आजारपणाचा फोन आला, की हा बेत कोसळतो.

नकार आल्यावर

परदेशात दिलेल्या निर्णयाविरुद्ध लेखी कारणं मिळाल्यापासून ६० दिवसांत इमिग्रेशन अपील विभागाकडे दाद मागता येते. कॅनडात असताना देश सोडण्याचा आदेश निघाला असेल, तर मुदत ३० दिवसांची. अपील चालू असेपर्यंत पीआर जिवंत राहतो. गेल्या ३६५ दिवसांत एकदा तरी कॅनडात जाऊन आलेल्या माणसाला अपिलासाठी प्रवासपत्रही मिळू शकतं.

अपिलात दोन गोष्टी मांडता येतात. एक, दिवस चुकीचे मोजले. नागरिक जोडीदारासोबतचे दिवस धरले नाहीत. दुसरी, दिवस कमी आहेत हे मान्य, पण माणुसकीच्या कारणांचा विचार व्हावा. यात किती दिवस कमी पडले, देश का सोडला, परतायचे प्रयत्न कधी केले, कॅनडात कोण आणि काय आहे, आणि निर्णयाचा परिणाम होणाऱ्या मुलांचं हित कशात आहे, हे बघितलं जातं. आजारी आई-वडिलांची सेवा हे भारतातून येणाऱ्या प्रकरणांत नेहमी दिसणारं कारण. दुसरं बघणारं कोणी नव्हतं आणि जबाबदारी संपताच परतीची हालचाल केली, हे कागदांनी दाखवता आलं, तर त्याला वजन येतं. वडील गेल्यानंतरही चार वर्षं पुण्यातली नोकरी चालूच राहिली असेल, तर तो निवडीचा भाग ठरतो.

अपीलही फेटाळलं गेलं, तर पीआर संपतो. पण नागरिक जोडीदार असलेल्या माणसासाठी दार कायमचं बंद होत नाही. जोडीदार त्याला नव्याने स्पॉन्सर करू शकतो. यात नागरिक आणि पीआर यांच्यातला फरक पुन्हा समोर येतो. नागरिक पुण्यात बसूनही अर्ज करू शकतो. जोडीदाराला पीआर मिळाल्यावर आपण कॅनडात राहायला जाणार आहोत, हे त्याला दाखवावं लागतं. नोकरीचा शोध, घराची चौकशी, मुलांच्या शाळेचा पत्रव्यवहार असे पुरावे तिथे लागतात. पीआरवर असलेल्या जोडीदाराला मात्र कॅनडात राहूनच स्पॉन्सर करता येतं. पती-पत्नीच्या प्रकरणात उत्पन्नाची किमान अट सहसा नसते, पण तीन वर्षं खर्च उचलण्याची हमी द्यावी लागते.

जुना पीआर अजून जिवंत असेल, तर त्याच माणसासाठी नवा अर्ज करता येत नाही. आधी जुना संपलेला असला पाहिजे, किंवा तो स्वतःहून सोडावा लागतो. पीआर सोडण्याचा अर्ज अनेक जण वेगळ्याच घाईत करतात. मुलीचा पदवीदान समारंभ महिन्यावर आला आहे, पीआरधारकाला व्हिजिटर व्हिसा मिळत नाही, आणि प्रवासपत्राची खात्री नाही. मग पीआर सोडून व्हिसा घेतलेला बरा, असा सल्ला एजंट देतो. ज्याचे दिवस खरंच गेले आहेत आणि ज्याला परत जायचं नाही, त्याच्यासाठी तो ठीक आहे. पण नागरिक पत्नीसोबत पाच वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाने तो अर्ज केला, तर जो हक्क शाबूत होता, तोच तो सही करून सोडून देतो. हा अर्ज मंजूर झाला की पीआर तिथेच संपतो. त्यानंतर कॅनडात राहायला जायचं म्हटलं, तर स्पॉन्सरशिपची फाइल पहिल्या पानापासून उघडावी लागते.